गाडीची उचल

उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर दिसू लागल्या, की माझ्या उजव्या पायाची पोटरी आपोआप ताठ होते. आता मी गाडी चालवत नाही. भाच्याच्या गाडीत मागच्या सीटवर, गुडघ्यांवर शाल घेऊन बसते. तो गप्पा मारत मारत ट्रॉलीच्या शेजारून पुढं निघून जातो. त्याच्या गाडीला विचार करावा लागत नाही. पाय टेकला की ती निघते. मी मात्र मागं बसून पायाखालची चटई दाबून धरते आणि मनात मोजते, एक, दोन.

काचेतून गुऱ्हाळाचा वास आत येतो. उकळता रस, चुलवणातला धूर, वरून काढलेली मळी, असा सगळा मिळून तो वास. माणसं या दिवसांची वाट बघतात. सकाळी अंगावर घोंगडं, दुपारी कोवळं ऊन, शेतातून येणारी ताज्या रसाची किटली. मलाही हे सगळं आवडायचं. एका हंगामानंतर या वासानं मला भीतीही वाटू लागली, ती अजून वाटते.

कोल्हापूर संस्थान विलीन होऊन तीन-चार वर्षं झाली होती. मी डॉक्टर होऊन मंगळवार पेठेत दवाखाना थाटला होता, आणि दर सोमवारी आणि गुरुवारी शिरोळ, कुरुंदवाड भागात जात होते. तिकडच्या बायका पुरुष डॉक्टरांसमोर येत नसत. दुखणं अंगावर काढत, सुईणीच्या हातात सगळं सोपवत. मी जाऊ लागल्यावर हळूहळू येऊ लागल्या. आई माझ्या लहानपणीच गेली होती. घरात मी आणि माझे वडील, अण्णा. ते हायस्कुलात विज्ञान शिकवून नुकतेच निवृत्त झाले होते. घरच्या घरी काही दुरुस्त करायला मिळालं की त्यांचा चेहरा खुलायचा. शिवणयंत्र झालं, भिंतीवरचं घड्याळ झालं, मग घरात गाडी आली.

ती एका सरदारांनी विकायला काढलेली, युद्धाआधीची अमेरिकन गाडी होती. काळपट हिरवी, लांब नाकाची. सपाट, मोकळ्या रस्त्यावर शहाण्यासारखी चालायची. पण एकदम पुढं काढायची वेळ आली आणि पाय दाबला, की ती आधी मागं ओढल्यासारखी व्हायची. इंजिनाचा आवाज क्षणभर बुडायचा, आणि मग हिसका देऊन ती निघायची. मी मोजलं होतं. पाय दाबल्यापासून गाडी निघेपर्यंत मनात एक, दोन म्हणून व्हायचं. गॅरेजचे मिस्त्री म्हणाले होते, "म्हातारी झाली ती डाक्टरीणबाई, एवढं चालायचंच." मीही चालवून घेत होते. पावसाळाभर रस्ते रिकामे असल्यामुळं काही बिघडलं नाही.

मग ऊस तोडायला सुरुवात झाली.

त्या गुरुवारी हातकणंगल्याच्या पुढं उसाच्या गाड्यांची रांग लागली होती. सात-आठ गाड्या, एकामागं एक. दोन्ही बाजूंनी उसाचे शेंडे लोंबणारे, बैल माना खाली घालून चाललेले. समोर लांबवर एक लॉरी दिसत होती. वेळ आहे असा मी अंदाज केला आणि गाडी उजवीकडं काढून पाय दाबला. आवाज बुडाला. मी एक म्हटलं, दोन म्हटलं. गाडी निघाली तेव्हा मी रांगेच्या मध्यावर होते आणि लॉरीचे दिवे मला मोजता येत होते. पुढं जाणं शक्य नव्हतं, मागं जाणंही नव्हतं. एका गाडीवानानं माझ्याकडं वळून पाहिलं आणि कासरा असा खेचला की बैल रस्ता सोडून मातीत उतरले. त्या पोकळीत मी घुसले. लॉरी भोंगा वाजवत निघून गेली.

गाडीवान खाली उतरून खिडकीशी आला. त्याचा आवाज चढला नव्हता. "बाई, ही मोटार हाय का म्हस? हाणल्याबिगर हलत न्हाई व्हय ही?"

मी दोन्ही हातांनी चाक घट्ट धरून बसले होते. त्यानं माझे हात पाहिले असावेत, कारण नंतर तो म्हणाला, "बसा जरा सावलीला. पाणी हाय माझ्याकडं." बाभळीखाली बसून मी त्याच्या कळशीतलं पाणी प्यायले. त्या दिवशी शिरोळात पहिल्या बाईची नाडी मला दोनदा मोजावी लागली.

अण्णांना मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते जाऊ नको म्हणाले नसते. पण मी परत येईपर्यंत दारात उभे राहिले असते. पुढच्या दोन फेऱ्या मी उसाच्या गाड्यांच्या मागं मागं, बैलांच्या चालीनं केल्या. समोर दोन मैल मोकळे दिसत असले तरी पाय दाबायचं धाडस होईना. कुरुंदवाडला पोचायला इतका उशीर झाला, की सकाळपासून बसलेली एक ओली बाळंतीण अंगात ताप घेऊन घरी परत गेल्याचं कळलं. तिचं घर शोधत मी गल्लीबोळांतून फिरले. ती सापडली, बरीही झाली. पण तेव्हापासून पहाटे जाग आली की मी अंथरुणातच वाटेवरच्या गाड्या मोजत पडून राहायचे. दोन्ही बाजूंनी भीती होती. वेगानं गेलं तर रस्त्याची, हळू गेलं तर वाट पाहणाऱ्या बाईची.

अण्णांनी ते ओळखलं ते एका उसाच्या पातीवरून. गाडी पुसताना त्यांना डाव्या दाराच्या मुठीत ती पिळवटून अडकलेली दिसली. ती हातात घेऊन ते स्वयंपाकघरात आले.

"सुमा, हे पान मुठीत अडकायचं म्हणजे गाडी उसाला घासून गेली असणार."

मी भाकरी थापत होते. तव्यावरची भाकरी करपेपर्यंत मी सगळं सांगत राहिले. त्यांनी ती पात बोटाभोवती गुंडाळली. शेवटी म्हणाले, "दोन म्हणून होतं म्हणतेस? म्हणजे साधारण दोन सेकंद. ते कुठं जातात ते शोधू."

रविवारी सकाळी आम्ही दोघं गाडीला लागलो. आधी पायाखालचा दांडा. तो जिथं जिथं सांध्यात जोडलेला होता, तिथं तिथं झिजून सैल झाला होता. पाय बोटभर खाली जाईपर्यंत इंजिनाला त्याचा पत्ताच नसायचा. अण्णांनी पत्र्याच्या चकत्या घालून ते सांधे घट्ट केले. मग प्लग काढून काजळी खरवडली आणि फटी सारख्या केल्या. संध्याकाळी फिरवून आणली तेव्हा दोनाचं दीड झालं होतं. "पण आवाज बुडतोच आहे," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी फेरीला निघण्याआधी त्यांनी हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बुरेटरवरचा हवेचा डबा काढला आणि मला आत वाकून बघायला सांगितलं. इंजिन बंद होतं. ते हातानं दांडा ओढत होते. "आत धार उडते का बघ."

"नाही. नुसता थेंब आला."

"मग तेच," ते म्हणाले. पाय एकदम दाबला की आत हवा एकदम घुसते. त्याच क्षणी पेट्रोलची एक पिचकारी बसावी म्हणून तिथं करंगळीएवढा पंप असतो. आमच्या पंपाच्या टोकाची चामड्याची वाटी वाळून आकसली होती. पिचकारीतून पेट्रोल पुढं जायच्या ऐवजी कडेनं निसटत होतं. इंजिनाला हवा मिळत होती, पण खायला नव्हतं. तशी वाटी मुंबईहून मागवायची तर हंगाम संपला असता.

कोल्हापुरात चामड्यासाठी मुंबईकडं बघायची गरज नव्हती. अण्णा मला घेऊन परशूमामांकडं गेले. ते आमच्या घरच्या चपला करायचे. त्यांनी ती कोटाच्या बटणाएवढी वाटी तळहातावर घेऊन उलटीपालटी केली.

"मास्तर, हे कुणाच्या पायाचं?"

"गाडीच्या."

"असं व्हय," म्हणून त्यांनी ती नाकाशी नेली. "म्हशीचं न्हाई चालायचं. जाड हुतंय. शेळीचं पातळ घेतो. पर ह्ये राक्याल पिऊन परत वाळंल की ओ."

"रॉकेल नाही, पेट्रोल. तुम्हीच सांगा, काय करायचं?"

"एरंडेलात मुरवा. एरंडेलाला ही असली त्येलं लवकर धुवून न्हेत न्हाईत."

एरंडेल माझ्या दवाखान्यात बाटल्यांनी होतं. परशूमामांनी ओलं कातडं एका गोल दांडीच्या टोकावर ताणून दोऱ्यानं बांधलं आणि सावलीत वाळवलं. दोन दिवसांनी वाटी तयार झाली, मग ती एरंडेलात मुरत पडली. तेवढे दिवस मी बसनं गेले, आणि बसच्या खिडकीतूनही समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला बघून सीटची कड धरत राहिले.

वाटी बसवल्यावर अण्णांनी दांडा ओढला आणि आत पेट्रोलची बारीक, सरळ धार उडाली. पंपाच्या दांड्याला तीन भोकं होती. त्यांनी तो मधल्यातून काढून लांब पल्ल्याच्या भोकात अडकवला, म्हणजे पिचकारी जरा मोठी. त्या संध्याकाळी शिवाजी पुलापलीकडं मी पाय दाबला आणि आवाज बुडाला नाही. एक म्हणायच्या आत गाडीनं उचल घेतली. शेजारी बसलेले अण्णा खिडकीबाहेर बघत होते, पण ते हसत होते हे मला त्यांच्या मागं सरकलेल्या कानावरून कळलं.

तिथंच थांबायला हवं होतं. "आणखी एक करता येईल," अण्णा म्हणाले. "ठिणगी थोडी आधी पाडायची. पेट्रोल पेटायलाही वेळ लागतो. ठिणगी जरा आधी पडली तर धक्का बरोबर वेळेला बसतो. फार आधी पडली तर मात्र इंजिनातला दट्ट्या वर येत असतानाच त्याला उलटा दणका बसतो." ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या खालचा स्क्रू सैल करून त्यांनी तो केसभर फिरवला आणि चाकूच्या टोकानं तिथं खूण केली. गाडी आणखी हलकी झाली.

"अजून थोडा फिरवू या का?" मी विचारलं.

"नको. एवढाच."

मी मान डोलावली. पण रात्रभर मला ती लॉरी दिसत राहिली. एका सेकंदाच्या आत म्हणजे किती आत? अजून थोडा वेळ हाताशी असला तर? बुधवारी दुपारी अण्णा झोपले होते. मी अंगणात जाऊन झाकण उघडलं, स्क्रू सैल केला आणि डिस्ट्रिब्युटर त्यांच्या खुणेच्या पुढं नेला. किती नेला ते मोजलं नाही. मोजलं नाही, कारण मोजलं असतं तर मीच तो मागं घेतला असता. फिरवून आणली तेव्हा गाडी वाऱ्यासारखी निघाली. चढावर इंजिनात बारीक टकटक झाली, ती मी ऐकली आणि न ऐकल्यासारखी केली.

गुरुवारी सकाळी थंडी होती. मी आत पिशवी भरत होते. अण्णा नेहमीप्रमाणं माझ्या आधी गाडी चालू करून ठेवायला गेले. थंडीत बॅटरी कुरकुरायची, म्हणून ते पुढं हँडल घालून फिरवायचे. मला हँडलचा एक घेर ऐकू आला, मग लाकूड मोडल्यासारखा आवाज, आणि मग काहीच नाही.

ते गाडीच्या नाकाला टेकून उभे होते. उजवं मनगट डाव्या हातात धरलेलं. चेहरा पांढरा. "हँडलनं उलटा झटका मारला," ते म्हणाले. मनगट मागच्या बाजूला वर उचलल्यासारखं झालं होतं. हाडाचं काय झालं ते बघायला मला हात लावायची गरज नव्हती. तरी मी हात लावला. त्यांनी दात आवळले. मी फळ्या बांधत होते आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, कालचा तो स्क्रू. त्यांना वाटत होतं आपलंच चुकलं. "उलटं आलं तर अडकू नये म्हणून अंगठा हँडलच्या बाहेरच ठेवला होता मी," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

तेवढ्यात फाटकाशी आदगोंडा आला. शिरोळचा शेतकरी, त्याची बायको रत्नाक्का माझ्याकडं तपासणीला यायची. गुळाच्या लॉरीवर बसून तो आला होता आणि त्याच्या अंगभर ढेपांचा चिकटा होता.

"पहाटं बाळ झालं, डाक्टरीणबाई. मुलगी हाय. पर वार पडली न्हाई. रगत थांबंना झालंय. सुईण म्हनती, बाईस्नी आणा." एवढं बोलून तो ओसरीच्या पायरीवर बसला, आणि बसल्याचं लक्षात येऊन पुन्हा उठला.

मी अण्णांकडं बघितलं. त्यांना आधी इस्पितळात न्यायला हवं होतं. हाड जितकं लवकर बसवू तितकं चांगलं, हे मला माहीत होतं, आणि त्यांना ते माहीत नव्हतं असं नाही.

"प्लॅस्टर संध्याकाळी," ते म्हणाले. "आधी ती बाई. मी येतो बरोबर. इथं एकटा बसून काय करू?"

मी झाकण उघडलं आणि पाना घेतला. ते मागं येऊन उभे राहिले. आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. "अण्णा, काल दुपारी मी तो पुढं फिरवला होता."

त्यांनी वाकून आपली चाकूची खूण पाहिली. आदगोंडा आम्हा दोघांकडं बघत होता.

"किती?"

"मोजलं नाही."

"माझ्या खुणेवर आण," ते म्हणाले. "घाई करू नकोस. आणि स्क्रू पुन्हा एकदा आवळ."

मी खुणेवर आणला, दोनदा आवळला, आणि आदगोंड्याला बाजूला करून हँडल स्वतः फिरवलं. इंजिन लागलं.

त्या वाटेवर किती गाड्या लागल्या ते आठवत नाही. अण्णा शेजारी, हात गळ्यात अडकवलेला. प्रत्येक खड्ड्याला त्यांच्या तोंडातून श्वास सुटायचा आणि मी वेग कमी केला की ते म्हणायचे, "चल." एकदा हातकणंगल्याच्या पुढं तशीच रांग, समोरून धुळीत काहीतरी येतंय. पाय दाबायच्या आधी माझी पोटरी ताठ झाली. अण्णा समोर बघत म्हणाले, "उचलेल ती." मी दाबला. गाडीनं उचल घेतली आणि धुळीतली मोटार जवळ येईपर्यंत आम्ही केव्हाच आमच्या बाजूला आलो होतो. मागच्या सीटवर आदगोंडा हात जोडून बसला होता, ते मला नंतर कळलं.

रत्नाक्काचे ओठ पांढरे पडले होते. नाडी सुतासारखी लागत होती. सुईणीनं शहाणपण केलं होतं, ओढाताण केली नव्हती. मी सलाईन लावलं आणि आत अडकलेली वार हातानं काढली. मग गर्भाशय आखडायचं इंजेक्शन देऊन, पोटावर हात दाबून बसून राहिले. पोट हाताखाली हळूहळू घट्ट झालं. रक्त थांबलं. दुपारपर्यंत ती "पाणी" म्हणाली. बाहेरच्या सोप्यात अण्णांच्या शेजारी कुणीतरी ती मुलगी आणून ठेवली होती आणि ते डाव्या हाताच्या बोटानं तिच्या मुठीशी खेळत होते.

गाडीनं त्या दिवशी माझा किती वेळ वाचवला, याचा मी अनेकदा हिशेब करायचा प्रयत्न केला आहे. दहा मिनिटं असतील. ती दहा मिनिटं गेली असती तर रत्नाक्का गेली असती का, हे मी सांगू शकत नाही. कुठलाच डॉक्टर सांगू शकणार नाही. अण्णांचं मनगट माझ्यामुळं मोडलं आणि सात-आठ तास तसंच राहिलं, एवढं मात्र मला नक्की सांगता येतं. एक जमेला धरून दुसरं पुसता येत नाही. माणसं म्हणतात, चांगल्यासाठी केलंस. मी भीतीपोटी केलं होतं.

हाड बसवताना सूज फार होती. प्लॅस्टर निघालं तेव्हा मनगट थोडं वाकडं राहिलं होतं आणि तळवा पुरता उताणा होत नव्हता. अण्णा त्याबद्दल मला कधी एक शब्द बोलले नाहीत. डाव्या हातानं दाढी करायला शिकले. मला वाटायचं, त्यांनी एकदा तरी रागवावं.

हंगाम संपत आला तेव्हा रत्नाक्काला आणि मुलीला तपासून परत येताना अण्णा म्हणाले, वाडीला जाऊ. नृसिंहवाडीच्या घाटावर त्या दिवशी गर्दी नव्हती. नदी खाली गेली होती, पायऱ्या कोरड्या होत्या. दर्शन घेऊन आम्ही तीर्थाला उभे राहिलो. पुजाऱ्यांनी पळी पुढं केली. अण्णांनी उजवा हात पुढं केला, कोपर बाहेर काढलं, खांदा वळवला, तरी तळवा तिरकाच राहिला. पाणी बोटांवरून ओघळून पायरीवर पडलं. पुजारी पुढच्या माणसाकडं वळले. अण्णा रिकाम्या हाताकडं बघत उभे होते.

मी त्यांच्या हाताखाली माझा हात घातला आणि कोपरापासून वर तोलून धरला. "महाराज, पुन्हा द्या," मी म्हटलं. या वेळी तीर्थ तळव्यात राहिलं. त्यांनी ते घेतलं, ओला हात डोक्यावरून फिरवला आणि माझ्याकडं वळले.

"तू घेतलं नाहीस अजून," ते म्हणाले.

मी हात पुढं केला.